बटणाएवढं बंदर

दिवसभर ऑफिसात कंटेनरचे कागद हलवायचे आणि रात्री डायनिंग टेबलवर तेच बंदर ठोकळ्यांतून उभं करायचं! माझ्या दादाच्या या खुळापायी न्हावा शेव्याच्या वाऱ्या झाल्या. वीकेण्डला जायची ठिकाणं मोजताना हे नाव कुणाच्याच तोंडी येत नाही. यायला हवं.

"टेबलवर जहाज लागलंय, त्यामुळे आज जेवण सोफ्यावर," वहिनीने दारातच सांगून टाकलं.

मला वाटलं गंमत करतेय. आत जाऊन बघते तर खरंच जहाज! जवळपास मीटरभर लांब, खाली विटकरी लाल, वर काळं, आणि पाठीवर रंगीबेरंगी कंटेनरची चळत. शेजारी अर्धी बांधलेली क्रेन. टेबलाखाली श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत रंगांप्रमाणे वेगळे केलेले ठोकळे. आणि या सगळ्याच्या मधोमध चष्मा कपाळावर चढवून बसलेला माझा मावसभाऊ. वय बत्तीस, नोकरी बेलापूरच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत, होम लोन चालू.

"दादा, हे सेटमध्ये येतं?"

"सेट?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरच्या पुरणपोळीला पाकिटातली म्हणाले. "हे मॉक आहे, मॉक!"

तर मंडळी, आधी या शब्दाची ओळख. खोक्यावरच्या चित्राप्रमाणे बांधायचं तो झाला सेट. स्वतःच्या डोक्यातून काढायचं, स्वतः आराखडा करायचा, पडलं तर पुन्हा बांधायचं, ते मॉक. 'माय ओन क्रिएशन' या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं. जगभर मोठ्या वयाचे, चांगल्या पगाराचे हजारो लोक हे करतात आणि त्यांना त्याची लाज वाटत नाही. आपल्याकडे मात्र बत्तिशीतला माणूस ठोकळे खेळतोय म्हटलं, की घरी आलेले पाहुणे आधी विचारतात, "मुलाचे का?"

दोन बटणांचं गणित

दादाचं म्हणणं असं, की कंटेनर आणि ठोकळा ही एकाच पिढीची भावंडं आहेत. मी हसले, तर त्याने तारखाच काढल्या. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाचं जहाज अमेरिकेतल्या नुअर्कहून ह्यूस्टनला निघालं, त्यावर ५८ कंटेनर होते. माल्कम मॅक्लीन हा ट्रकच्या धंद्यातला माणूस, त्याची ही आयडिया. माल ट्रकमधून उतरवून गोण्या-पेट्या करून जहाजात भरण्यापेक्षा अख्खी पेटीच उचलून ठेवायची! त्यानंतर दोनच वर्षांत, २८ जानेवारी १९५८ रोजी, डेन्मार्कच्या लेगो कंपनीने आज आपण ओळखतो त्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर गोल उंचवटे, खाली पोकळ नळ्या, एकावर एक दाबलं की कट्ट!

त्या उंचवट्यांना इंग्रजीत स्टड म्हणतात. आमच्या घरात लहानपणापासून 'बटणं' म्हणतात, तोच शब्द इथेही वापरते.

दोन्हींची जादू एकच, माप ठरलेलं असणं. कंटेनर शांघायचा असो वा सोलापूरच्या चादरींचा, त्याचे चार कोपरे सारखेच, म्हणून जगातली कुठलीही क्रेन त्याला उचलते. ठोकळा १९५८ चा असो वा कालचा, एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर म्हणजे ८ मिलिमीटर. माप बांधलं की बाकी सगळं मोकळं. २ बाय ४ बटणांच्या एकाच रंगाच्या फक्त सहा विटा घेतल्या, तरी त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात. २००५ च्या सुमारास कोपनहेगनचे गणिताचे प्राध्यापक सोरेन आयलर्स यांनी हे कॉम्प्युटरवर मोजून काढलं. सहा विटा! आणि आपण "घरात करायला काही नाही" म्हणून मॉलला जातो.

आता दादाचं गणित ऐका, कारण पुढे सगळं त्यावरच फिरणार आहे. कंटेनरची रुंदी साधारण २.४४ मीटर. त्याने ठरवलं, कंटेनर एक बटण रुंद. म्हणजे ८ मिलिमीटर बरोबर २.४४ मीटर, थोडक्यात १ ला ३०५ हे स्केल. ३०० मीटरचं जहाज मग मीटरभर होतं आणि टेबलवर मावतं. ७० मीटर उंचीची क्रेन २३ सेंटिमीटर होते. ४० फुटी कंटेनरची लांबी येते बरोबर पाच बटणं. नेहमीच्या विटांत पाच बटणांची वीट नाही, म्हणून दोनची आणि तीनची जोडायची, आणि वरच्या थराला सांधा उलट घ्यायचा, गवंडी भिंत बांधताना घेतो तसा. म्हणजे चळत हलत नाही. २० फुटी कंटेनर मात्र अडीच बटणांचा होतो. अर्ध बटण कुठून आणणार? "म्हणून माझ्या जहाजावर पुढे सगळे चाळीस फुटीच," दादा डोळा मारत म्हणाला. "विसाचे आत लपवलेत."

क्रेनने तर त्याला रडवलं. तिचा हात समुद्रावर लांब बाहेर येतो, त्यामुळे ती सारखी पुढे कलंडायची. शेवटी खऱ्या क्रेनचे फोटो नीट पाहिल्यावर लक्षात आलं, की तिचं यंत्रघर मागच्या बाजूला असतं, वजन तोलायला. दादाने मागच्या खोक्यात पाच रुपयांची जुनी जाड नाणी भरली. क्रेन उभी राहिली! वहिनीला तो 'भांडवली खर्च' म्हणून सांगण्यात आला.

घारापुरीवरून रेकी

पण बंदराची मांडणी कशी आहे? आत जाऊन बघता येत नाही, बॉस. केंद्राची सुरक्षा यंत्रणा, पास, गेट, आणि फोटोला मनाई. ते बरोबरही आहे. मग एका रविवारी दादा म्हणाला, "चल, घारापुरी."

गेटवेवरून लाँच पकडली. तासाभराचा प्रवास, वर डेकवर जागा मिळाली तर मुंबईतली ही सगळ्यात स्वस्त क्रूझ! सगळे लेण्यांकडे वळले. लेणी बघायचीच, त्या त्रिमूर्तीसमोर बोलणं आपोआप थांबतं. पण त्यानंतर आम्ही टेकडी चढलो. वर जुन्या तोफा आहेत, म्हणून तिला कॅनन हिल म्हणतात. तोफेशेजारी उभं राहून पूर्वेला बघा. खाडीपलीकडे एका रांगेत उभ्या क्रेन्स. काही हात वर करून, काही हात पसरून. त्यांच्यामागे कंटेनरची चळतच चळत. हे न्हावा शेवा. जवाहरलाल नेहरू बंदर.

हे बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. देशातल्या प्रमुख बंदरांतून जी कंटेनर वाहतूक होते, तिचा जवळपास अर्धा वाटा या एका ठिकाणचा. २०२४-२५ या वर्षात इथून ७० लाखांहून जास्त 'टीईयू' हलले, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने ७० लाख पेट्या. तुमच्या पायातले शूज, ऑफिसातली खुर्ची, हातातल्या फोनचा चार्जर यांतलं काही ना काही या खाडीतून आलंय, अशी पैज लावायला माझी हरकत नाही.

दादा वहीत रेघा मारत होता. कुठल्या धक्क्यावर किती क्रेन्स, यार्डातले रस्ते कसे. मी तोफेला टेकून बसले होते. शेजारी काकड्या विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "रात्री बघायला पायजे. दिवे काय, दिवाळीच." मग सहज म्हणाल्या, "आमच्याकडं नव्हते ना दिवे तेव्हा."

खरंच आहे ते. समोर चोवीस तास झगमगणारं बंदर, आणि या बेटावर मुख्य जाळ्यातली कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर. जवळपास तीस वर्षं इथल्या पोरांनी पलीकडचे दिवे बघत अभ्यास केला असणार. दादाने वहीतून डोकं वर केलं, काही बोलला नाही, पुन्हा रेघा मारायला लागला.

ठोकळे येतात कुठून?

परतीच्या लाँचवर मी विचारलं, "तुझे हे ठोकळे येतात कुठून?" त्याने मागे बोट दाखवलं. "तिथूनच की!"

गंमत बघा. बंदराच्या मॉडेलचे भाग त्याच बंदरातून येतात, आणि कस्टम्समधून सुटतात. २०२० मध्ये सरकारने खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केलं, २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला. देशी खेळणी बनवणाऱ्यांना हे बरं. पण परदेशातल्या कुणाकडून जुने सुटे चाळीस ठोकळे मागवू म्हणणाऱ्या हौशी माणसाचे मात्र हाल. त्यामुळे आपल्याकडचे मॉकवाले जुगाडू झालेत. एकमेकांत रंगांची अदलाबदल, भाचरांच्या फुटक्या सेटची खरेदी, आणि मुख्य वीटेचं पेटंट केव्हाच संपल्यामुळे बाजारात मिळणारे जुळणारे देशी ठोकळे.

रंगासाठी तर ही मंडळी काय वाट्टेल ते करतात. मर्स्क ही कंटेनर कंपनीही डॅनिश, आणि लेगोही डॅनिश. दोघांनी मिळून मर्स्कच्या जहाजांचे सेट काढले. २०१४ च्या 'ट्रिपल ई' जहाजाच्या सेटमध्ये १,५१८ ठोकळे होते. जुन्या सेटमधली ती खास फिकट निळी छटा फारशी दुसऱ्या कशात आलीच नाही, म्हणून तिला 'मर्स्क ब्लू' असंच नाव पडलं. दादाकडे त्या रंगाचे अकरा ठोकळे आहेत. ते श्रीखंडाच्या डब्यात नाहीत, लॉकरमध्ये आहेत. मी खोटं सांगत नाही.

आणि हे सगळं समुद्रात पडलं तर? तेही झालंय. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ 'टोकियो एक्स्प्रेस' या जहाजावर एक प्रचंड लाट आदळली आणि ६२ कंटेनर पाण्यात गेले. त्यातल्या एकात ४८ लाखांच्या आसपास लेगोचे भाग होते, आणि योगायोग असा, की त्यात बरेचसे समुद्राचेच, ऑक्टोपस, पाणबुड्यांचे पंख वगैरे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ते अजून सापडतात. ऐकायला मजेशीर वाटतं, पण प्लास्टिक जातच नाही हा त्याचा अर्थ. आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं आपटली, 'चित्रा'वरचे शेकडो कंटेनर आणि टनावारी तेल समुद्रात गेलं, आणि या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची मासेमारी काही दिवस बसली. एक बाजूने बघितलं तर कंटेनर म्हणजे रंगीत ठोकळा. दुसऱ्या बाजूने बघितलं तर कुणाच्या तरी जाळ्यात अडकलेली पेटी.

स्टेशन न्हावा शेवा

दुसऱ्या वारीला आम्ही जमिनीवरून गेलो. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी दोन गोष्टी सुरू झाल्या. शिवडीहून थेट चिर्ल्याला उतरणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, आणि खारकोपरला अडलेली लोकल उरणपर्यंत. सेतूवरून गाडीने जाल तर खाडी, कांदळवन आणि नशीब असेल तर फ्लेमिंगो दिसतील, पण पुलावर थांबायला मनाई आहे. आम्ही लोकल धरली. बेलापूर सोडलं की दोन्ही बाजूंना पाणथळ जागा, मिठागरांच्या खुणा, मग टॉवर, मग पुन्हा पाणी. आणि चक्क इंडिकेटरवर नाव, न्हावा शेवा! स्टेशन चकाचक, माणसं मोजकी.

न्हावा आणि शेवा ही मुळात दोन वेगळी गावं. आपण एका दमात म्हणतो, जसं आडनाव म्हणावं.

बाहेर रिक्षा केली. रस्त्यावर ट्रेलर, ट्रेलर आणि ट्रेलर. ड्रायव्हर स्टोव्हवर डाळ शिजवतायत, कुणी केबिनच्या सावलीत झोपलंय. चिर्ले-जासईच्या बाजूने आलात तर दास्तान फाटा लागतो. नाव वाचून पुढे जाऊ नका. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान आणि नवघर इथे जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला. पाच जण गेले. नेतृत्व दि. बा. पाटलांचं. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचं धोरण या लढ्यातून आलं. आज आपण नवी मुंबईत फ्लॅट बघायला जातो तेव्हा ब्रोकर 'साडेबारा टक्क्यांतली बिल्डिंग' म्हणतो ना, त्या साडेबारा टक्क्यांमागे ही गोष्ट आहे. मी पाच वर्षं नवी मुंबईत राहिले. मला माहीत नव्हती.

"यान आमचा गाव कुठं हाय?"

उरणला उतरून चहाच्या टपरीवर बसलो. दादाने मोबाइलवर मॉडेलचे फोटो काढले आणि मला क्रेनचा नवा हात दाखवायला लागला. बाकावर शेजारी एक आजोबा होते. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. ते वाकून बघत होते. दादा खुश! त्याने फोन त्यांच्या हातात दिला. "बघा ना आजोबा. न्हावा शेवा आहे. सगळं मापात."

आजोबांनी फोटो नीट बघितला. मग बोटाने पडदा सरकवला, पुन्हा बघितला.

"बराय," म्हणाले. "पन यान आमचा गाव कुठं हाय?"

ते शेवा कोळीवाड्याचे. बंदरासाठी तो कोळीवाडा उठवला आणि उरणजवळ नव्या जागी वसवला, त्याचं नाव हनुमान कोळीवाडा. त्या जागेत घरांना वाळवी लागली. दारं, चौकटी, वासे, कपाटं. बदललं की पुन्हा. गावकरी किती वर्षं मागतायत, की आमचं पुन्हा एकदा नीट पुनर्वसन करा. त्यासाठी होड्या घेऊन बंदराच्या वाटेत उभे राहिले, जहाजं अडवली. हे सगळं पेपरात येऊन गेलंय, पण आतल्या पानावर, एका कॉलमात.

आजोबा तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. त्यांनी पिशवीतून एक जुनी लग्नपत्रिका काढली, दादाचं पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काढायला लागले. इथं देऊळ. इथं विहीर. इथं होड्या वर घ्यायच्या. इथं जाळी सुकायची. "आनि इथं मी," म्हणून एक टिंब दिलं.

"आता इथं काय आहे?" मी विचारलं.

दादाने फोनवरच्या फोटोकडे बघितलं. त्याला बहुतेक उत्तर माहीत होतं. यार्ड.

स्केलची भानगड

पुढचे दोन आठवडे दादा त्या पत्रिकेशी झटत होता. अडचण बघा. स्केल कंटेनरवरून ठरलेलं. १ ला ३०५. त्यात कोळ्याचं घर होतं दोन बटणांचं. दहा मीटरची होडी चार बटणांची. आणि माणूस? साडेपाच मिलिमीटर. एका बटणाहूनही छोटा.

"ठेवलं तर दिसतच नाही गं," तो वैतागून म्हणाला. "अख्खं गाव क्रेनच्या पायात जातं."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की मॉडेल बांधणं म्हणजे काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं हे ठरवणं. आणि ते आपण ठरवतच नाही, आपण घेतलेलं माप ठरवतं. एकदा कंटेनरची रुंदी म्हणजे एक असं धरलं, की माणूस शून्याच्या घरात जातो. त्यात कुणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. १९८० च्या दशकात नकाशावर बंदर आखणाऱ्यांच्या टेबलवरही असंच काहीतरी स्केल असणार. हे काही मागचं राहिलेलं नाही. डहाणूजवळ वाढवण इथे ७६ हजार कोटींच्या घरातल्या नव्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, आणि तिथले मच्छीमार हाच प्रश्न विचारतायत. यात आम्ही कुठे?

तोड काढली ती वहिनीने. सोफ्यावर ताट मांडीत घेऊन बसली होती. म्हणाली, "दिवाळीत किल्ला करायचात तेव्हा मावळा बुरुजापेक्षा मोठा असायचा. तेव्हा कुठे गेलं होतं तुमचं स्केल?"

दादा तिच्याकडे बघतच राहिला.

आठवतो ना किल्ला? डोंबिवलीच्या चाळीत आम्ही दरवर्षी करायचो. माती, विटांचे तुकडे, गोणपाट, वर अळीव पेरलेलं. एका वर्षी दादाने धुण्याच्या टबात पाणी भरून जंजिरा केला होता, तो बघायला शेजारच्या तीन बिल्डिंगमधली पोरं आली आणि पुढच्या वर्षी गल्लीत चार जंजिरे झाले. कुणी "कॉपी केली" म्हणून रडलं नाही. उलट एकाने टबाऐवजी पिंप कापून आणलं, आणि तो जंजिरा आमच्यापेक्षा भारी झाला. मॉक हा शब्द तेव्हा माहीत नव्हता एवढंच. आणि महाराज सिंहासनावर बसले की गडाच्या उंचीचे! माणूस मोठा, दगड छोटा. ते चुकीचं आहे असं कुणालाच वाटलं नाही.

पहिली पायरी

दादाने गाव वेगळ्या पाटीवर बांधलं. १६ बाय १६ बटणांची पाटी, जेमतेम तेरा सेंटिमीटरची. देऊळ, विहीर, तीन होड्या, आणि जाळी म्हणून कांद्याच्या पिशवीचा तुकडा. एक नेहमीचा ठोकळ्यांतला माणूस, चार सेंटिमीटर उंच. या स्केलला तो बारा मीटरचा राक्षस होतो. क्रेनच्या जवळपास गुडघ्यापर्यंत येतो. येऊ दे.

खरी कमाल त्याने जोडणीत केली. मॉक शेअर करायचं म्हणजे नुसते फोटो दाखवायचे नाहीत. कुठला ठोकळा कितवा, कुठे, याच्या पायऱ्या द्यायच्या, सोबत भागांची यादी, म्हणजे कुणीही कुठेही तेच बांधू शकेल. याची सुरुवात जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५ मध्ये केली. कॉम्प्युटरवर ठोकळे मांडायचा 'एलड्रॉ' हा प्रोग्रॅम त्याने लिहिला आणि फुकट वाटला. १९९७ मध्ये तो गेला. त्याची पद्धत आजही चालते. स्वतः लेगो कंपनीही लोकांच्या डिझाइन्स मागवते. १० हजार जणांनी पाठिंबा दिला तर ती विचार करते, आणि सेट निघाला तर निव्वळ विक्रीचा एक टक्का बनवणाऱ्याला. दादाला त्यात रस नाही. त्याने सगळ्या पायऱ्या फुकट देऊन टाकल्यात. ठोकळ्याला कस्टम्स लागतं, आराखड्याला लागत नाही.

तर त्या पायऱ्यांत पहिली पायरी गावाची आहे. बंदराचा धक्का मागच्या कडेला गावाच्या पाटीवर कट्ट बसतो, आणि क्रेनची मागची चाकं त्या सांध्यावर उभी आहेत. गाव बांधलं नाही तर धक्का बसत नाही. गाव नंतर काढून घ्यायला गेलात तर क्रेन समुद्रात. नाणी भरा नाहीतर काही भरा! हे न्हावा शेवा ज्याला बांधायचंय, मग तो पुण्यातला असो की टोरोंटोतला, त्याला आधी शेवा बांधावंच लागेल.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा उरणला गेलो. नुसती गावाची पाटी घेऊन, बुटांच्या खोक्यात. आजोबा त्याच बाकावर. त्यांनी खोकं मांडीवर घेतलं, देवळाला बोट लावलं, कपाळाला लावलं. होड्यांपैकी एक उचलून दुसऱ्या बाजूला वळवली. "तोंड पान्याकडं पायजे." मग खोकं उचलून उन्हात धरलं, पाटी खालून बघितली, नखाने कोपरा खरवडला.

"बाय," मला म्हणाले, "याला वालवी तं लागत नाय ना?"

चौकट : जायचं तर असं

लोकलने: नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल. न्हावा शेवा, द्रोणागिरी, उरण अशी शेवटची स्टेशनं. गाड्यांमध्ये अंतर जास्त असतं, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

समुद्रातून: भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच जाते. तिथून उरण जवळ.

बंदर बघायला: आत प्रवेश नाही. घारापुरीच्या कॅनन हिलवरून नजारा उत्तम. लेणी सोमवारी बंद. बंदराच्या गेटजवळ फोटो काढू नका.

ठोकळे घेताना: खोक्यावर मानक ब्यूरोचा शिक्का आहे ना, पाहा. सुरुवात लहान ठेवा. घर, चाळ, गल्लीतली पानटपरी. सहा विटांतही ९१ कोटी प्रकार आहेत!